जमनाची आखाजी

देव ऐकतो की नाही, हा प्रश्न माझ्या मनात वयाच्या बाराव्या वर्षी शिरला आणि पुढे कित्येक वर्षे तो तसाच बसून होता. लोकांना हे कधी कळले नाही. मी रोज न्हाऊन देवीच्या टाकाला हळदकुंकू वाही, निरांजन लावी, मंगळवारी उपास करी. माहेराहून आईने दिलेला तो चांदीचा लहानसा टाक, सप्तशृंगीचा. आई त्याला "गडावरची आई" म्हणे, मीही म्हणे. पण हात जोडले की आतून एकच विचारणे उठे : आई, तेव्हा तू कुठे होतीस?

'तेव्हा' म्हणजे माझी आक्का गेली तेव्हा. आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्न होऊन ती सासरी गेली, आणि तिकडून कोणाच्या तरी हातची पत्रे येऊ लागली. वडील आमच्या लहानपणीच वारलेले, आईला वाचता येत नव्हते, म्हणून पत्रे मी वाचून दाखवी. दर पत्रात एकच मजकूर : इकडील सर्व क्षेम, चिरंजीव सौभाग्यवती खुशाल आहे, काळजी नसावी. आई विचारी, "अजून काय लिहिलंय?" लिहिलेले काहीच नसे. मग मी मनचे घाली : "तुझी फार आठवण काढते, म्हणाली." आई डोळे पुसून हसे. एकदा आक्का दिवाळीला चार दिवस आली होती. परत निघताना तिने माझा हात धरला तो सोडीना. गाडी खोळंबली होती. मीच हसत हसत तिची बोटे एकेक करून सोडवली. मला समजले नव्हते असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगितले. खरे म्हणजे थोडे समजले होते. त्यानंतर पाचव्या महिन्यात सासरच्या विहिरीत तिचा पाय घसरल्याचा निरोप आला.

ही एवढी हकीकत आधी सांगितली, कारण पुढे जे घडले त्यात माझे शहाणपण काही नाही हे वाचणाराला कळावे.

माझे यजमान मराठी शाळेत मास्तर. बदली होत होत आम्ही म्हसावदला आलो. गाव मोठे, काळी जमीन, डोंगर उत्तरेला हाताच्या अंतरावर दिसतो. आमच्या पोटी मूल नाही. यजमानांच्या शाळेतच टपालाचेही काम होते, आणि मला लिहिता-वाचता येते हे कळल्यावर गावातल्या बाया दुपारच्या वेळी कार्ड घेऊन आमच्या ओट्यावर येऊ लागल्या. पुरुषमाणसाला सांगायला संकोच वाटे ते त्या मला सांगत. माझी भाषा पुस्तकी, त्यांची अहिराणी. पहिले वर्ष मला ती नीट उमगत नसे. पण सुखदुःखाची भाषा थोड्या शब्दांत चालते. त्यांनी सांगावे, मी लिहावे, मग एकदा वाचून दाखवावे, असा परिपाठ पडला.

त्यात एक बाई नेमाने येई. तिला सगळे जिजी म्हणत. साठीकडे झुकलेली, उंच, थोडी वाकलेली, बोलायला तुटक. नवरा नव्हता. नथू हा तिचा एकुलता मुलगा, आणि जमना तिची सून. जमनाचे माहेर तापीपलीकडे, नंदुरबारच्या वाटेवर. तिथे तिची आई आणि थोरला भाऊ. जिजी दोन-अडीच महिन्यांनी एक कार्ड तिकडे धाडी. ती पुढे बसून मजकूर सांगे आणि जमना मागे, दाराच्या चौकटीला टेकून, पायाच्या अंगठ्याने जमीन कोरत बसे.

"लिखा बाई, जमना खुशाल शे. काम भलतं शे, म्हनीसन औंदा धाडता येवाव नही."

मी लिही. वाचून दाखवी. 'जमना खुशाल आहे' हे शब्द आले की ती मुलगी माझ्याकडे बघत नसे, बाहेर रस्त्याकडे बघे. वय असेल अठरा-एकोणीस. फाल्गुनाच्या उन्हातसुद्धा दोन्ही हातांवरून मनगटापर्यंत पदर ओढून घेतलेला. एकदा तो पदर सरकला तेव्हा कोपराच्या वर जुन्या पिवळ्या डागाशेजारी नवा काळानिळा डाग दिसला. दुसऱ्या खेपेला कानाखाली सूज. मी विचारले तर म्हणाली, "पडनू, बाई. ओटावरथीन पाय सरकना." जिजी तिच्याकडे न बघता म्हणाली, "चाला, ऊन चढनं."

त्या दिवशी दिवेलागणीला देवापुढे बसले आणि माझ्याने स्तोत्र म्हणवेना. पाय सरकला. हाच शब्द आमच्या घरी निरोपात आला होता.

मी काय करावे ते मला कळत नव्हते, आणि न कळता मी पहिली गोष्ट केली ती चुकीची केली. नदीवर चार बाया धुणे धूत असताना मी जमनाला गाठले आणि सरळ विचारले, "नथू तुला मारतो का?" तिने पाण्यातला हात तसाच ठेवला. चारी बायांचे पिळे थांबले. "नही," एवढेच म्हणून ती ओले धुणे तसेच उचलून निघून गेली. ती गोष्ट त्याच दिवशी नथूच्या कानावर गेली. पुढचे तीन आठवडे जमना कोणाच्या नजरेस पडली नाही. पाण्याला जिजी येई. माझ्या विचारण्याची किंमत त्या पोरीने चुकवली, हे मला कोणी सांगायला नको होते.

यजमान म्हणाले, "दुसऱ्याच्या घरातली गोष्ट आहे. गावाने उद्या शाळेत पोरं पाठवायची बंद केली तर?" ते वाईट माणूस नव्हेत. भीती त्यांनाही होती, मलाही होती. सकाळी देवीच्या टाकावर एक फूल ठेवले आणि कौल मागितला : आई, उजवीकडे पडले तर मी पुन्हा बोलेन, डावीकडे पडले तर गप्प बसेन. फूल कुठेच पडले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवले. ते पूजेच्या वेळेपासून दुपारपर्यंत जागचे हलले नाही. मला रडू आले. म्हटले, तुझे नेहमीचेच आहे, आई. माझ्या आईनेही तुझ्यावर फुलेच वाहिली होती.

चैत्र लागला. घरोघर शेवया, कुरडया, पापड सुरू झाले. जमनाचा हात शेवयांना फार चांगला, हे मला ठाऊक होते. मी जिजीकडे गेले आणि म्हटले, "जिजी, मला शेवया येत नाहीत. तुमच्या सुनेला चार दुपार पाठवाल का?" जिजीने मला खालपासून वरपर्यंत निरखले. मग म्हणाली, "येई ती."

जमना आली. मी मनाशी ठरवले होते की काही म्हणजे काही विचारायचे नाही. आम्ही दोघी ओट्यावर पाट टाकून बसलो. ती पीठ ताणून त्याचे सूत काढी, मी काठीवर वाळत घाली. पहिल्या दुपारी आम्ही दहा शब्दही बोललो नसू. दुसऱ्या दुपारी मी माझ्याशीच बोलावे तसे बोलू लागले. माझी एक बहीण होती, म्हटले. तिची पत्रे येत. पत्रांत काय असे ते सांगितले. विहिरीचे सांगितले. जमनाचा हात चालत होता तो हळू झाला, पण थांबला नाही. ती उठून गेली तेव्हा मला वाटले, हीही माझी चूक झाली.

तिसऱ्या दुपारी तिने येताच, बसण्याआधीच विचारले, "तुमनी बहीणना कागद कोन वाचे?"

"मीच वाचायचे."

"मंग तुमले समजनं नही?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. आईनेसुद्धा नाही. मी म्हटले, "समजलं होतं गं. मी बोलले नाही."

ती खाली बसली. तिने पदर बाजूला केला आणि दोन्ही हात माझ्यासमोर पाटावर ठेवले, जसे कोणी वस्तू ठेवावी तसे. मी ते डाग मोजले नाहीत, काय झाले तेही विचारले नाही. खोबरेल आणून चोळत बसले. भावाला खरे काय ते लिहिते असे म्हणताच ती घाबरली. "मन्हा भाऊले लिखानं नही. तो भांडाले येई, आन तो गया का मंग मन्हं काय?" तिचे खरे होते. मी ज्याला मदत समजत होते ती मदत संपल्यावर त्या घरात राहायचे तिला होते. तेव्हा मी तो प्रश्न विचारला, जो खरे तर पहिल्या दिवशी विचारायला हवा होता.

"जमना, तुला काय हवंय?"

तिला विचार करावा लागला नाही. "आखाजीले मायकडे जावानं शे. मायनी मांडीवर डोकं ठेईसन निजानं शे."

इकडे अक्षयतृतीयेला आखाजी म्हणतात. लेकीबाळींचा सण. गौराई बसते, झाडाझाडाला झोके बांधतात, सासरच्या मुली माहेरी येतात आणि चार दिवस त्यांना कोणी काम सांगत नाही. लेकीला आणायला माहेरचा माणूस येतो तो मुराळी. जमनाला लग्नानंतर तीन आखाज्या झाल्या होत्या. तिन्ही वेळा मीच लिहून दिले होते, की काम फार आहे, धाडता येत नाही. माझ्या अक्षराने तिचा मुराळी वाटेतून परत फिरवला होता.

आखाजीला बारा-तेरा दिवस राहिले असताना जिजी कार्ड घेऊन आली. एकटीच. तिने नेहमीचा मजकूर सांगितला, मी लिहून घेतला. जमनाने लिहू नको म्हटलेले मी लिहिणार नव्हते, आणि जिजीने सांगितलेले पुन्हा लिहिताना जीव जात होता. मनात म्हटले, आई, आता मला काही कळत नाही. तुझी तू बघ. कौल नको, काही नको.

"वाची दाखाडा," जिजी म्हणाली.

मी वाचू लागले. 'जमना' म्हटले, आणि पुढचा शब्द तोंडातून निघेना. दोनदा प्रयत्न केला. कार्डावर माझे टिपूस पडून शाई पसरली. जिजीने ते पाहिले. मग माझ्या हातातून कार्ड घेतले आणि ओट्यावरून उतरून गेली.

घटकाभराने ती परत आली. भर दुपारी, अनवाणी, पाय पोळत असतील. कार्ड माझ्यापुढे टाकून म्हणाली, "फाडा हाई कार्ड. दुसरं लिखा."

"काय लिहू?"

"लिखा, तुमनी आंडेर लई जा. आखाजीना नावे लई जा. नथू बजारना दिन शहादाले जास, त्या दिन सकायमा या. आन मी बलावत नही तोवर तिले धाडू नका."

आंडेर म्हणजे लेक, एवढी अहिराणी मला आता येत होती. माझी लेखणी थांबली. मी तिच्याकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती. सुनेसारखीच बाहेर रस्त्याकडे पाहत होती.

"मन्हा बापले बी असाच कागद जायेत, बाई. खुशाल शे, खुशाल शे. तो मरे तोवर त्याले समजनं नही." पोळलेले पाय तिने ओट्याच्या सावलीत घेतले. "नथू मन्हा पोटना शे. त्याना हात धरू तर मले बी लोटी देस. आते मी काय करू? एवढंच करस."

मी तिच्यावर मनातल्या मनात किती दिवस राग धरला होता! ती सगळे पाहते आणि खोटे सांगते, असे मला वाटे. ते खरेही होते. पण ती खोटे सांगताना तिच्या आत काय होते, ते मी कधी पाहिले नव्हते. मी लिहिले. तिने वाचून दाखव म्हटले नाही. त्याच दिवशी यजमानांनी टपालाच्या थैलीत कार्ड घातले. मी त्यांना सगळे सांगितले. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "आखाजीच्या आत पोचेल ना?"

बाजाराचा दिवस उजाडला. नथू पहाटेच बैल जोडून शहाद्याला गेला. सकाळी जिजी जमनाला घेऊन आमच्याकडे आली. एक लहान गाठोडे, त्यात एक चोळी आणि दोन भाकरी. जमनाच्या खांद्यावर लुगडे फाटलेले होते, ते तिने हाताने दाबून धरले होते. आम्ही तिघी ओट्यावर वाट पाहत बसलो. सूर्य कौलांवर आला, मग अंगणात उतरला. रस्त्यावर धूळ उठली की जमना उभी राही. दरवेळी दुसरेच कोणी असे. तिचा भाऊ आला नाही. जिजी म्हणाली, "कागद पोचनं नसीन." मला उठून देवापुढे जावेसे वाटले, पण गेले नाही. आई आता जे करील ते अंगणातच करील, असे काहीतरी वाटून मी तिथेच बसून राहिले. त्या वेळी माझ्या मनात श्रद्धा होती असे मी म्हणणार नाही. फक्त मागायचे संपले होते.

तेवढ्यात उत्तरेकडून, डोंगराच्या अंगाने, एक दमणी आली. म्हातारा हाकीत होता, मागे त्याची बायको. गाडीला कमान बांधलेली, आत नवीकोरी गोधडी अंथरलेली, शिंगांना गोंडे. आमच्या दारात बैल थांबले आणि म्हातारी खाली उतरली.

"बाई, पानी भेटी का?"

मी पाणी दिले. तिने तोंड धुतले, पण डोळे लाल ते लालच राहिले. मी सहज म्हटले, "आखाजीला निघालात?"

"आंडेरले लेवाले गयतूत. धाडी नही त्यासनी." तिने पदर तोंडाला लावला. डोंगराच्या पायथ्याशी तिची लेक दिली होती, आणि हे दोघे तापीपलीकडून दिवसभराची वाट करून तिला न्यायला आले होते. म्हातारा बैलांकडे पाहत म्हणाला, "रिकामी गाडी हाकाले जड लागस."

मी जिजीकडे पाहिले. जिजीने माझ्याकडे पाहिले. त्या क्षणाबद्दल मी पुष्कळदा विचार केला आहे, आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. पण त्या क्षणी मला काहीच अद्भुत वाटले नाही. मी म्हटले, "तापीपलीकडे कुठे?" म्हाताऱ्याने गाव सांगितले. जमनाच्या माहेराहून ते एका शेताच्या अंतरावर होते.

मी धावत शाळेत गेले. यजमान वर्गाबाहेर आले. मी म्हटले, "अनोळखी माणसांबरोबर एकटी कशी पाठवू? मी जाते." त्यांनी क्षणभर खाली पाहिले. "जा," म्हणाले. "कोणी विचारलं तर माझ्या सांगण्यावरून गेलीस म्हणून सांगीन."

निघताना जिजीने सुनेच्या कपाळाला कुंकू लावले. जमना पाया पडायला वाकली तशी जिजीने तिला मध्येच उठवले आणि गाडीकडे ढकलले. "जाय," एवढेच म्हणाली. गाडी वळेपर्यंत ती अंगणात उभी होती. मग एकटी आपल्या घराकडे वळली, जिथे संध्याकाळी तिचा मुलगा येणार होता.

उन्हात सगळी वाट केली. प्रकाशा गावाजवळ तापी उतरलो. पाणी आटलेले, बैलांच्या गुडघ्याएवढे. पलीकडच्या काठावर बैल सोडले तेव्हा म्हातारीने जमनाचा फाटका खांदा पाहिला. तिने काही विचारले नाही. टोपलीतून एक नवे डाळिंबी लुगडे काढले, हिरव्या काठाचे, आणि तिच्या हातात दिले. "लेकना साठे लीयेल व्हतं," म्हणाली. "तू नेस." जमना नको नको म्हणत राहिली. म्हातारीने स्वतः तिच्या निऱ्या धरल्या. मग ती माझ्याकडे वळली. "बाई, तुम्ही मास्तरीण शेत, तुमले कोनी आडावाव नही. मन्ही तुळसाले एकदाव देखी या." मी तिला वचन दिले.

ऊन कलले तेव्हा आम्ही पोचलो. जमनाची आई अंगणात सांजोऱ्या लाटीत बसली होती. तिने डाळिंबी लुगड्यातली बाई पाहिली आणि कोणाची म्हणून विचारले. जमनाने पदर मागे घेतला. त्यानंतर काय झाले ते मी लिहीत नाही. तिच्या आईच्या हाताचे पीठ जमनाच्या पाठीवर, केसांवर, सगळीकडे लागले होते, एवढे आठवते. संध्याकाळचे ऊन पायरीवर होते तेवढ्यात जमना आईच्या मांडीवर डोके ठेवून झोपलीसुद्धा. तिचा भाऊ दारात उभा राहून पुनःपुन्हा म्हणत होता की त्याला काहीच कळले नव्हते. मला त्याला बोल लावता आला नाही. आमचे कार्ड आम्ही पोचल्यावर तिसऱ्या दिवशी तिथे पोचले.

मागे म्हसावदला काय झाले ते यजमानांनी सांगितले. नथू काठी घेऊन शाळेच्या पटांगणात आला आणि माझे नाव घेऊन ओरडू लागला. यजमान बाहेर येऊन उभे राहिले. तेवढ्यात मागून जिजी आली. सगळ्यांदेखत लेकाच्या पुढ्यात जाऊन म्हणाली, "मी धाडी. मार मले." गाव गोळा झाले होते. नथूने काठी टाकली नाही, पण उगारलीही नाही. थोडा वेळ उभा राहून निघून गेला. पुढे तो दोनदा सासरी जाऊन आला. दुसऱ्या खेपेस दोन्हीकडचे पंच बसले, आणि बायामाणसांना तिथे बोलायची रीत नसताना जिजी बोलली. काडीमोड झाली. दोन वर्षांनी जमनाचा पाट लागला. नवरा मध्यम वयाचा, पहिली बायको वारलेली, स्वभावाने शांत. ती नांदते आहे. मागल्या वर्षी बाजारात भेटली तेव्हा कडेवर मुलगी होती. जिजी मात्र शेवटपर्यंत त्याच घरात राहिली. तिने पुढे मला एकही कार्ड लिहायला सांगितले नाही. कधी कधी दुपारी नुसती येऊन बसे.

आक्काच्या वाटेवर अशी एखादी गाडी का आली नाही, हे मी आजही विचारते. उत्तर मिळालेले नाही. आक्का आता आली तर काय बोलेन, याचा विचार शेवया करताना हमखास येतो, आणि मग हात थांबतात. ही ओढ काही सरत नाही. पण पूर्वी मी तो प्रश्न गडावरच्या आईला तोडून टाकण्यासाठी विचारी. आता तिच्याजवळ बसून विचारते.

त्याच वर्षी आखाजी झाल्यावर दहा-बारा दिवसांनी मी यजमानांबरोबर डोंगराच्या पायथ्याशी त्या गावी गेले. सांगितलेले घर सापडले. दारात पाणी मागितले तेव्हा एक तरणी बाई तांब्या घेऊन आली. मी आधी तिचे हात पाहिले. कोपरापर्यंत उघडे, बांगड्या भरलेले, कुठे एक ओरखडा नाही. आत तिची सासू तापाने पडलेली, दोन लहान पोरे पायांत घोटाळत होती. घरात दुसरे बाईमाणूस नव्हते, म्हणून तिला धाडता आले नव्हते. सासूने मला जवळ बोलावून स्वतः हे सांगितले आणि हात जोडले. तुळसा सुखात होती.

मी तिला तिच्या आईचा निरोप दिला. ती खांबाला धरून ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "मी दारमागे लपी गयतू, बाई. देखवाव नही म्हनीसन. रिकामीच गयी ना गाडी?"

"रिकामी नाही गं गेली," मी म्हटले, आणि तिला सगळे सांगितले. जमनाचे नाव सांगितले, वाट सांगितली, तापीच्या काठावर तिच्या आईने काय केले तेही सांगितले. आपल्या आईचे ते रडणे कोणाच्या कामी आले हे ऐकताना ती एकदा हसे, एकदा डोळे पुशी. एका आईची निराशा दुसरीच्या अंगणात प्रसाद होऊन कशी उतरते, हे मला त्या दिवशीही कळले नाही आणि आजही कळत नाही. गडावरच्या आईच्या पायी ते न कळणेच मी ठेवले आहे. तिचे उपकार मानायला तेवढे पुरते.

आम्ही निघालो तेव्हा तुळसा वेशीपर्यंत आली. बराच वेळ काही विचारू की नको असे तिच्या मनात चालले होते. शेवटी पदराचे टोक बोटाला गुंडाळत तिने विचारले, "मन्हं लुगडं तिले शोभनं का?"

मी म्हटले, "फार शोभलं."